पॅटर्नमधले नाव जुने की नवे? एका नियमभाषेच्या सिंटॅक्सविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीने कर्जवसुलीचे नियम लिहिण्याकरिता स्वतःची छोटी भाषा केली आहे. तिचे कीवर्ड मराठीत आहेत. नियम लिहिणारे बहुतेक जण प्रोग्रामर नसून वसुली विभागात वर्षानुवर्षे काम केलेले कर्मचारी आहेत. अलीकडे या भाषेत पॅटर्न मॅचिंगची, म्हणजे आलेले मूल्य लिहिलेल्या नमुन्यांशी (पॅटर्नशी) ताडून पाहण्याची, सोय करण्यात आली आणि त्यानंतर लिहिलेल्या एका नियमाने असा गोंधळ केला:

```
तपासा (कर्ज.प्रकार, कर्ज.स्थिती) {
    (सोनेतारण, थकित) => नोटीस_पाठवा(कर्ज)
    (_, _)           => काही_करू_नका()
}
```

भाषेत आधीपासून ठरलेला कॉन्स्टंट (ठरावीक मूल्याचे नाव) ‘थकीत’ असा, म्हणजे दीर्घ ‘की’ असलेला आहे; नियमात मात्र ऱ्हस्व ‘थकित’ लिहिले गेले. (‘_’ म्हणजे येथे काहीही चालेल.) नियम वाचून यंत्रासाठी त्याचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरला ‘थकित’ हे नाव माहीत नव्हते, म्हणून त्याने ते नवे व्हेरिएबल, म्हणजे येईल ते मूल्य धरणारे नाव, मानले, आणि नवे व्हेरिएबल कोणत्याही मूल्याशी जुळत असल्यामुळे वेळेवर हप्ते भरणाऱ्या सोनेतारण कर्जदारांच्या नावानेही थकबाकीच्या नोटिसा तयार झाल्या. आता हा सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची रीत, सुधारायचा आहे. नव्या नावांपुढे खूण लावायला सांगावी की जुन्या नावांपुढे, ‘किंवा’, रेंज आणि जोडअटी यांचे काय करावे, आणि आधी लिहिलेले नियम नव्या सिंटॅक्समध्ये कसे आणावेत, असे विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे कंपायलर आणि अशाच प्रकारच्या नियमभाषा यांवर काम करत आहे. या काळात सिंटॅक्सचा कोणताही पर्याय निवडताना मी एकच प्रश्न सर्वांत आधी विचारायला शिकलो: लिहिणारा माणूस हे चिन्ह विसरला, किंवा त्याने ते चुकीचे लिहिले, तर काय होईल? कंपायलर तिथल्या तिथे अडवेल, की नियम गुपचूप चालेल आणि वेगळाच अर्थ घेईल? लिहायला किती अक्षरे लागतात आणि दिसायला किती सुबक आहे, हे प्रश्न त्यानंतरचे. खालील सर्व उत्तरे याच प्रश्नातून आली आहेत.

प्रथम हा दोष शुद्धलेखनाचा नाही, भाषेच्या रचनेचा आहे, हे स्पष्ट करतो. पॅटर्न हा दिसायला एक्स्प्रेशनसारखा, म्हणजे मूल्य काढून देणाऱ्या लिखाणासारखा, असतो आणि त्याचे काम मात्र नेमके उलटे असते. ‘(क, ख)’ असे एक्स्प्रेशनमध्ये लिहिले तर दोन मूल्यांची जोडी बनते. तेच पॅटर्नमध्ये लिहिले तर आलेली जोडी सुटी होते. जोडायची आणि सोडवायची खूण एकच असावी ही कल्पना एडिंबरा येथे बर्स्टल, मॅकक्वीन आणि सॅनेला यांनी १९८० साली मांडलेल्या होप या भाषेत ठळकपणे आली आणि तेथून एमएल या भाषेच्या घराण्यात रुजली. कल्पना अतिशय सुंदर आहे, कारण वाचणाऱ्याला डेटाचा आकार डोळ्यांसमोर दिसतो. परंतु तिची किंमत नावांच्या बाबतीत मोजावी लागते. एक्स्प्रेशनमधले नाव वाचले जाते, म्हणजे ते आधीपासून असावे लागते. पॅटर्नमधले नाव बहुतेक वेळा तिथेच जन्माला येते. आता पॅटर्नमध्ये एखादे जुने नावही ताडून पाहण्यासाठी लिहिता येत असेल, तर ‘थकित’ हे एकच नाव जुने आहे की नवे, हे ती ओळ पाहून सांगता येत नाही. त्यासाठी बाकीची फाइल चाळावी लागते, आणि वसुली विभागातला माणूस फाइल चाळत नाही. तो ओळ वाचतो.

स्टँडर्ड एमएलने येथे ‘असेल तर जुने, नसेल तर नवे’ असा नियम केला. नाव कन्स्ट्रक्टर (डेटाच्या ठरलेल्या आकाराचे नाव) म्हणून ओळखीचे असेल तर ते ताडून पाहायचे, नसेल तर नवे व्हेरिएबल मानायचे. तुमच्या भाषेने हाच नियम उचलला आहे, आणि कन्स्ट्रक्टरचे स्पेलिंग चुकले की सगळे काही जुळू लागते, हा दोष एमएलच्या विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. रस्टमध्येही मूळ नियम हाच आहे, पण तिथे कंपायलरने भोवती मोठा पहारा बसवला आहे: न वापरलेल्या व्हेरिएबलविषयी इशारा, जिथे कधीच पोहोचता येणार नाही अशा शाखेविषयी (शाखा म्हणजे पॅटर्न आणि त्याची कृती अशी एक ओळ) इशारा, आणि एनमच्या (ठरलेल्या पर्यायांच्या यादीच्या) व्हेरियंटचेच नाव नव्या व्हेरिएबलला दिले तर थेट हरकत. हा पहारा उपयोगी आहे, पण तो प्रोग्रामरसाठी आहे. दहा इशाऱ्यांमधला नेमका महत्त्वाचा कोणता, हे ओळखण्याची सवय ज्याला नाही, त्याच्यासाठी इशारा म्हणजे न वाचलेली सूचना.

हॅस्केल आणि ओकॅमल यांनी दुसरा मार्ग घेतला. कन्स्ट्रक्टर मोठ्या (कॅपिटल) अक्षराने सुरू होतो, व्हेरिएबल छोट्या अक्षराने. यामुळे नाव पाहताच त्याची जात कळते, खूण वेगळी लिहावी लागत नाही आणि चुकीच्या स्पेलिंगचा कन्स्ट्रक्टर ‘असे काही नाही’ म्हणून लगेच पकडला जातो. मला हा उपाय फार आवडतो, आणि तरीही तुम्हाला तो मिळणार नाही, कारण देवनागरीत मोठी आणि छोटी अक्षरे नाहीत. हॅस्केलचा प्रचलित कंपायलर, जीएचसी, देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव छोट्या अक्षराचे समजतो. त्यामुळे तिथे कन्स्ट्रक्टरला ‘थकीत’ म्हणता येत नाही. गो भाषेत पॅकेजबाहेर दिसणारे नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते, म्हणून देवनागरी नाव तसेच्या तसे बाहेर पाठवता येत नाही. रूबीतील कॉन्स्टंटची अडचणही तीच. अक्षरांच्या आकारावर अर्थ टांगण्याची कल्पना रोमन, ग्रीक, सिरिलिक अशा मोजक्या लिप्यांपुरती आहे, आणि मराठी कीवर्डची भाषा करणाऱ्याने ती सुरुवातीलाच बाजूला ठेवावी.

पायथनची वाटचाल याबाबत अभ्यासण्यासारखी आहे. पॅटर्न मॅचिंगचा पहिला प्रस्ताव, पेप ६२२, जून २०२०मध्ये मांडला गेला. त्यावर झालेल्या मोठ्या चर्चेनंतर त्याची जागा ६३४, ६३५ आणि ६३६ या तीन प्रस्तावांनी घेतली, आणि ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीत ही सोय भाषेत दाखल झाली. मोठ्या-छोट्या अक्षरांचा नियम त्यांनी नाकारला, आणि दिलेल्या कारणांमध्ये अनेक लिप्यांना असा भेदच नाही हेही एक कारण होते. शेवटी ठरले ते असे: साधे नाव नेहमी नवे, आणि टिंब असलेले नाव, उदाहरणार्थ ‘स्थिती.थकीत’, नेहमी जुने. पॅटर्नमध्ये काय ताडले जाते आणि काय नव्याने धरले जाते, हे उघड लिहायला लावणारा पेप ६४२ स्वीकारला गेला नाही.

टिंबाचा नियम निःसंदिग्ध आहे, हे त्याचे मोठे बळ. पण माझ्या कसोटीवर तो पुरता उतरत नाही, आणि का उतरत नाही हे जवळून पाहिले पाहिजे. समजा पायथनमध्ये कोणी ‘थकीत = ३’ असे वर लिहिले आणि खाली ‘केस थकीत:’ अशी शाखा केली. ती शाखा मधली असेल तर कंपायलर अडवतो, कारण या नावामुळे पुढच्या शाखांपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही हे त्याला कळते. तीच शाखा शेवटची असेल तर मात्र तो काहीच बोलत नाही. ती शाखा सर्व मूल्ये गिळते आणि वर मॉड्यूलच्या पातळीवर ‘थकीत’ या नावातले ३ जाऊन तिथे तपासले जात असलेले मूल्य येऊन बसते. आणि ‘केस (सोनेतारण, थकीत):’ असे जोडीच्या आत लिहिले असेल, तर शाखा मधली असो वा शेवटची, पायथन गप्पच राहतो, कारण पॅटर्न दोन घटकांच्या क्रमाशीच जुळतो आणि त्यामुळे ‘सगळे काही जुळते’ असे त्याला म्हणता येत नाही. तुमच्या नियमातला गोंधळ नेमका या तिसऱ्या प्रकारचा आहे. ‘केस इंट:’ आणि ‘केस इंट():’ यांतला फरकही याच कुळातला. कंस लिहिले तर प्रकार तपासला जातो; विसरले तर ‘इंट’ हेच नवे नाव होते आणि काहीही जुळते.

म्हणजे कुठल्या तरी बाजूला खूण लावणे आले. एलिक्सिरने जुन्या नावाला ‘^’ ही खूण लावायला सांगितली, तिला पिन म्हणतात, आणि रूबीने २.७ आवृत्तीत, २०१९च्या अखेरीस पॅटर्न मॅचिंग आणले तेव्हा तीच उचलली. उलट स्विफ्टमध्ये नव्या नावाआधी ‘लेट’ येते, सी-शार्पमध्ये ‘व्हार’ किंवा प्रकाराचे नाव येते, जावातही नव्या नावाआधी प्रकार लिहावा लागतो. दोन्ही बाजूंनी उत्तम भाषा आहेत, तेव्हा ही आवडीनिवडीची बाब आहे असे वाटू शकते. मला तसे वाटत नाही.

विसरण्याची कसोटी लावून पाहा. जुन्याला खूण लावायची असेल आणि लिहिणारा ती विसरला, तर जुने नाव नवे होते, सर्व काही जुळते आणि नियम चालू राहतो. एलिक्सिर अशा वेळी ‘हे व्हेरिएबल वापरलेले नाही’ असा इशारा देते, पण योगायोगाने उजवीकडे त्याच नावाचा उल्लेख असेल तर तोही मिळत नाही. नव्याला खूण लावायची असेल आणि लिहिणारा ती विसरला, तर कंपायलर त्या नावाचा कॉन्स्टंट शोधतो, तो सापडत नाही आणि नियम तिथेच अडतो. पहिली चूक मुकी आहे, दुसरी ओरडून सांगणारी. मी स्वतः २००० नंतरच्या दशकात एका बिलिंग प्रणालीच्या नियमभाषेत जुन्या नावांना खूण लावण्याचा निर्णय घेतला होता, कारण लिहिलेले नियम त्यामुळे अधिक मोकळे दिसत होते. एका सवलतीच्या नियमात ती खूण राहून गेली आणि महिनाअखेरच्या बिलांमध्ये सवलत सर्वच ग्राहकांना लागली. ती बिले पुन्हा काढताना घालवलेल्या तीन रात्रींनंतर मी सुबकपणापेक्षा चूक ओरडून सांगितली जाणे मोलाचे मानू लागलो.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. हॅस्केलसारख्या भाषेत पॅटर्नमधली बहुतेक साधी नावे नवी असतात, म्हणून तिथे नव्यांना खूण लावणे जाचक झाले असते. कर्जवसुलीच्या नियमांत चित्र उलटे असते. सोनेतारण, वाहनतारण, नियमित, थकीत, दावा_दाखल ही सगळी जुनी, ठरलेली नावे. नवे नाव चार-पाच शाखांमध्ये एखादे येते. ज्याचे प्रमाण कमी त्याला खूण लावली की लिहिणाऱ्याचे श्रमही कमीच होतात.

म्हणून माझी शिफारस अशी: पॅटर्नमधले साधे नाव म्हणजे नेहमी कॉन्स्टंट, नव्या नावाआधी ‘नवे’ हा कीवर्ड सक्तीचा, आणि आधीच्या व्हेरिएबलशी तुलना करायची असेल तर ती पॅटर्नमध्ये चालणार नाही, पुढच्या ‘जर’मध्ये लिहावी लागेल.

```
तपासा (कर्ज.प्रकार, कर्ज.स्थिती, कर्ज.थकीत_दिवस) {
    (सोनेतारण, थकीत, नवे दिवस) जर दिवस > मुदत => नोटीस_पाठवा(कर्ज, दिवस)
    (सोनेतारण, थकीत, _)                     => फोन_करा(कर्ज)
    (_, नियमित, _)                          => काही_करू_नका()
    ...
}
```

तिसरा भाग अनावश्यक कडक वाटेल, पण त्याशिवाय भिंतीत एक भगदाड राहते. साध्या नावाने व्हेरिएबलशीही तुलना होऊ दिली, आणि कोणी ‘नवे’ लिहायला विसरला, आणि बाहेर त्याच नावाचे व्हेरिएबल असले, तर नियम पुन्हा मुकाट्याने वेगळा अर्थ घेईल. साधे नाव फक्त कॉन्स्टंटचे असू शकते असे ठरवले की विसरण्याची प्रत्येक वाट चूक दाखवणाऱ्या संदेशापाशी संपते. त्याच कारणाने ‘नवे’ लिहून आधीच्या कॉन्स्टंटचेच नाव देण्याला मनाई असावी.

कीवर्डच्या शब्दाविषयीही एक सूचना. अशा जागी ‘धरा’ किंवा ‘ठेवा’ असे क्रियापद सुचते, कारण इतर भाषांतले कीवर्ड क्रियापदासारखे असतात. पण मराठीत आज्ञार्थी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विशेषण नामाच्या आधी. ‘दिवस धरा’ असे बोलणाऱ्याला ‘धरा दिवस’ लिहायला लावले की तो अडखळतो. ‘नवे दिवस’ हे ऐकताना कानाला थोडे वेगळे वाटले तरी क्रम त्याचा स्वतःचाच असतो. पार्सरलाही, म्हणजे कंपायलरच्या रचना ओळखणाऱ्या भागालाही, खूण आधी आलेली सोयीची. बोलण्याचा क्रम आणि पार्सरची सोय अशी क्वचितच जमते, तेव्हा ती घ्यावी.

नावांचाच आणखी एक पदर आहे आणि तो देवनागरीत अधिक गंभीर आहे. एकसारखी दिसणारी नावे संगणकाच्या दृष्टीने वेगळी असू शकतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एक तर नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात आणि युनिकोडचे प्रचलित नॉर्मलायझेशन (समान रूपे एक करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ यांचेही तेच. पहिल्यात चंद्रबिंदू आहे, दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हे. पायथन आयडेंटिफायरमध्ये (नावांमध्ये) तो जॉइनर चालूच देत नाही, म्हणून निदान चूक तरी दिसते. तुमच्या लेक्सरने, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाने, नाव वाचतानाच या दोन जोड्या एका रूपात आणाव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो. साधे नाव नवे मानणाऱ्या भाषेत अशी अदृश्य चूक शोधायला एक आख्खा दिवस जातो, कारण नियम कितीही वेळा वाचला तरी तो बरोबरच दिसतो.

ऱ्हस्व-दीर्घही एकच मानावे का, असा मोह येथे होईल. तो टाळावा. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे वेगळे शब्द आहेत, आणि भाषेने अंदाज बांधून दुसराच शब्द स्वीकारणे ही मुकी चूकच होय. या ज्ञानाचा योग्य उपयोग चूक दाखवणाऱ्या संदेशात आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

आता रेंज, म्हणजे दोन टोकांमधली मूल्ये. थकबाकीचे टप्पे लिहिताना ‘९० दिवसांपर्यंत’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यात नव्वदावा दिवस धरायचा की नाही यावर एकाच कचेरीत दोन मते निघतात. रस्टला याच टोकाने दीर्घकाळ छळले. पॅटर्नमधल्या रेंजसाठी आधी तीन टिंबे होती आणि त्यांत शेवटचे मूल्य धरले जाई. २०१८मध्ये त्याऐवजी दोन टिंबे आणि बरोबरचे चिन्ह असे रूप स्थिर झाले, २०२१च्या एडिशनमध्ये (भाषेच्या आवृत्तीत) तीन टिंबे ही चूक ठरली, आणि शेवटचे मूल्य न धरणारी रेंज पॅटर्नमध्ये स्थिर व्हायला जुलै २०२४ उजाडले. एका टिंबाने अर्थ बदलणारे चिन्ह तुमच्या वाचकांना देऊ नका. सी-शार्पने ९व्या आवृत्तीत, २०२०मध्ये, तुलनेची चिन्हे थेट पॅटर्नमध्ये लिहू दिली. तोच मार्ग तुमच्यासाठी योग्य आहे. ‘<= ९०’ ही एक शाखा, ‘> ९०’ ही दुसरी. यात टोक कोणत्या टप्प्यात आहे ते लिहूनच दाखवावे लागते, अध्याहृत राहत नाही.

याबरोबर कंपायलरने टप्प्यांमधली फट आणि टप्प्यांचे एकमेकांवर चढणे तपासले पाहिजे, आणि ते तपासताना मूल्याचा प्रकार लक्षात घेतला पाहिजे. दिवसांच्या बाबतीत ‘<= ९०’ आणि ‘>= ९१’ यांच्यात फट नाही. रकमेच्या बाबतीत ‘<= ५००००’ आणि ‘>= ५०००१’ यांच्यात ५०,००० रुपये ५० पैसे सापडतात. असा कर्जदार कोणत्याच शाखेत बसत नाही, आणि शेवटी ‘_’ असेल तर तो तिथे जाऊन पडतो.

‘किंवा’ हवाच, आणि तो सुरुवातीपासून पॅटर्नच्या आतही चालला पाहिजे. रस्टमध्ये तो जून २०२१पर्यंत फक्त शाखेच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर होता, आणि तोवर आतला एक घटक बदलण्यासाठी पूर्ण पॅटर्न पुन्हा लिहावा लागे. ‘(सोनेतारण किंवा वाहनतारण, थकीत, _)’ असे लिहिता आले की नियम बोलण्याच्या जवळ जातो. अट एवढीच की दोन्ही पर्यायांत तीच नवी नावे त्याच प्रकाराची असावीत, नाहीतर उजवीकडे वापरलेले नाव कधी असेल आणि कधी नसेल.

‘नाही’विषयी मात्र मी सावध करतो. सी-शार्पमध्ये ‘नॉट १ ऑर २’ असा पॅटर्न लिहिणाऱ्याला बहुधा ‘१ही नको आणि २ही नको’ असे म्हणायचे असते. भाषा त्याचा अर्थ ‘(नॉट १) ऑर २’ असा घेते, म्हणजे फक्त १ वगळले जाते आणि २ आत येतो. कंस विसरला की अर्थ उलटतो आणि कोणी अडवत नाही. तुमच्या भाषेत ‘नाही’ एकाच कॉन्स्टंटला लावता यावा. एकाहून अधिक पर्यायांना लावायचा असेल तर कंस सक्तीचा करावा, आणि कंस नसेल तर ती सिंटॅक्सची चूक समजावी. ‘जर’ची अटही संपूर्ण शाखेला लागू होते, ‘किंवा’च्या शेवटच्या पर्यायापुरती नव्हे, हे दस्तऐवजात उदाहरणासह लिहा; हे बहुतेकांना उलटे वाटते.

‘जर’चा उपयोग जितका कमी तितका बरा, याला एक तांत्रिक कारण आहे. सर्व शक्यता नियमात आल्या आहेत का, हे तपासण्याची जी पद्धत बहुतेक कंपायलर वापरतात, तिची नीट मांडणी संगणकशास्त्रज्ञ ल्यूक मारांजे यांनी २००७मध्ये केली. ती पॅटर्नच्या आकारावर चालते. ‘जर’मधली अट खरी होईल की नाही हे तिला ठरवता येत नाही, म्हणून ‘जर’ असलेली शाखा ती ‘हा प्रसंग हाताळला’ या हिशेबात धरत नाही. जे पॅटर्नमध्ये लिहिता येते ते पॅटर्नमध्येच लिहिले, तर कंपायलरला अधिक दिसते आणि तो अधिक सांगू शकतो. तुलनेची चिन्हे पॅटर्नमध्ये आणण्यामागे माझा हाही हेतू आहे.

आणि ज्या शाखेने हा सर्व हिशेब पुसला जातो ती म्हणजे ‘(_, _)’. आज स्थिती चार आहेत. उद्या ‘पुनर्गठित’ ही पाचवी स्थिती आली, तर ती त्या शाखेत शिरेल आणि कंपायलर काही बोलणार नाही, कारण ‘_’ने सर्व काही हाताळल्याचे त्याला सांगून ठेवले आहे. जावात सील्ड (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले आहेत अशा) प्रकारावरच्या स्विचमध्ये ‘डिफॉल्ट’ लिहिले नसेल तर नवा उपप्रकार येताच कंपाइल करताना चूक दिसते. ‘डिफॉल्ट’ असेल तर दिसत नाही. ‘_’ बंद करू नका, पण कॉन्स्टंटच्या ठरलेल्या यादीसाठी तो वापरला गेला असेल तर त्या क्षणी त्यात कोणकोणती मूल्ये सामावली आहेत, ती यादी एडिटरमध्ये शेजारी दाखवा. मी हे एका प्रकल्पात केले आहे, आणि नियम तपासणाऱ्या वरिष्ठांना सर्वांत उपयोगी पडलेली सोय तीच होती. ‘_’ हे चिन्ह दुसऱ्या कोणत्याही कामाला देऊ नका, हेही आताच ठरवा. जावाला ते आयडेंटिफायर म्हणून आधी ९व्या आवृत्तीत बंद करावे लागले आणि मग २२व्या आवृत्तीत, मार्च २०२४मध्ये, ‘नाव नसलेले’ या अर्थाने परत आणता आले.

रेकॉर्डचे पॅटर्न अपुरे लिहिले तर चालतील का, हा छोटा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. पायथनमध्ये रिकामा ‘[]’ फक्त रिकाम्या यादीशी जुळतो आणि रिकामा ‘{}’ कोणत्याही मॅपिंगशी (नाव-मूल्य जोड्यांच्या संग्रहाशी) जुळतो; रूबीत रिकामा ‘{}’ फक्त रिकाम्या हॅशशी (रूबीतल्या तशाच संग्रहाशी) जुळतो, जरी एकही की लिहिलेला हॅश पॅटर्न जादा कींकडे दुर्लक्ष करतो. दोन्ही निर्णयांमागे विचार आहे, पण दोन्ही लक्षात ठेवावे लागतात. तुमच्याकडे ‘बाकी काहीही’ या अर्थाने ‘...’ सक्तीने लिहायला सांगा.

जुन्या नियमांचे स्थलांतर घाईने करू नका. रस्टने एडिशनची जी पद्धत घेतली, ती लहान भाषेलाही शोभते: नियमाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेची आवृत्ती लिहायची, ती नसेल तर जुना अर्थ, असेल तर नवा. मग एक साधन लिहा, जे जुन्या नियमांतील पॅटर्नमधले प्रत्येक साधे नाव पाहील. नाव कॉन्स्टंटचे असेल तर ते तसेच राहील. नाव नवे असेल आणि उजवीकडे किंवा ‘जर’मध्ये वापरलेले असेल, तर बहुतेक वेळा ते खरोखरच नवे असते, त्याआधी ‘नवे’ घालता येईल. नाव नवे आहे आणि कुठेच वापरलेले नाही, तर साधनाने त्याला हात लावू नये. तो ‘थकित’ असू शकतो, किंवा कोणी ‘_’ऐवजी वाचनासाठी लिहिलेले नाव असू शकते, आणि यांतले कोणते हे फक्त नियम लिहिणारा सांगू शकतो. अशी नावे वेगळ्या यादीत काढून त्या त्या माणसासमोर ठेवावीत. या यादीत तुम्हाला अजून न सापडलेले जुने दोष सापडण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून ती एकाच दिवशी सर्वांना वाटण्यापेक्षा आधी स्वतः वाचून काढा.

शेवटी चूक दाखवणारा संदेश. वरचा सगळा सिंटॅक्स चूक मोठ्याने सांगण्यासाठी आहे, तेव्हा ती कशी सांगितली जाते याला सिंटॅक्सइतकाच वेळ द्या. तुमच्या पहिल्या उदाहरणाला नव्या भाषेत असे उत्तर मिळाले पाहिजे:

```
ओळ २, दुसरा घटक: ‘थकित’ या नावाची कोणतीही कर्जस्थिती नाही.
‘थकीत’ म्हणायचे आहे का?
येथे कोणतीही स्थिती चालेल असे म्हणायचे असल्यास ‘_’ लिहा.
```

यात ‘आयडेंटिफायर’ किंवा ‘पॅटर्न’ हा शब्द नाही; ‘कर्जस्थिती’ हा वसुली विभागाचा शब्द आहे, आणि दुसऱ्या घटकाचा प्रकार कंपायलरला माहीत असल्यामुळे तो वापरता येतो. जवळचे नाव शोधताना इ-ई, उ-ऊ, अनुस्वार आणि त्याऐवजी लिहिलेले अनुनासिक यांतला फरक शून्य धरून शोधा. इंग्रजी स्पेलिंगसाठी केलेली अक्षरे मोजण्याची पद्धत मराठी चुकांना नीट लागू पडत नाही. ‘नवे थकित’ हा पर्याय मी संदेशात मुद्दाम घातलेला नाही. उजवीकडे त्या नावाचा वापर असेल तेव्हाच तो दाखवा, कारण घाईत असलेला माणूस संदेशातला पहिला चालणारा पर्याय उचलतो, आणि इथे ‘नवे’ उचलला की नियम पुन्हा प्रत्येक सोनेतारण कर्जदाराला नोटीस पाठवू लागेल.